बसेल तो राजा

सरांविषयी लिहावं की नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला. माझी तेवढी पात्रता नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. वडील खनिजाचा ट्रक चालवतात. लेखणीशी त्यांची गाठ पडते ती खेपेच्या चिठ्ठीवर सही करताना. त्यामुळे असं काही कसं लिहितात हे विचारायला घरात कुणी नाही, आणि कॉलेजात विचारायचा मला संकोच वाटतो. चुकलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. सरांनी घेतलं असतं. ते तर आमच्या चुका जपून ठेवायचे.

सर आम्हाला अकरावी-बारावीला इंग्रजी शिकवायचे. डिचोली तालुक्यातल्या आमच्या त्या हायर सेकंडरीत ते ‘हंगामी’ होते. जूनमध्ये नेमणूक व्हायची, एप्रिलमध्ये संपायची. नव्या वर्षी पुन्हा जून. शाळेतली गुलमोहराची झाडं मोठी झाली, शिपाई हेडशिपाई झाला, सरांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा शेजारच्या शाळेत कायम शिक्षक झाला. सर हंगामीच.

आणि सर कधी खुर्चीवर बसत नसत.

पहिल्या वर्षी म्हणे ते स्टाफरूममध्ये एका खुर्चीवर बसले, तेव्हा शिपायाने अदबीने सांगितलं, "सर, ही कायम लोकांची." शिपायाचा हेतू एवढाच की ती खुर्ची उपमुख्याध्यापकांची होती. सरांनी मात्र ते वाक्य नियम म्हणून घेतलं आणि जन्मभर पाळायचं ठरवलं. खिडकीच्या कट्ट्यावर, पायरीवर, बाजारात नारळाच्या पोत्यावर, कुठेही ते मजेत बसत. खुर्ची दिसली की उभे राहत. एकदा तपासणीला साहेब आले आणि म्हणाले, "बसा ना." सर म्हणाले, "बसलो असतो. पण माझी अजून ऑर्डर आलेली नाही." साहेबांना वाटलं, हा टोमणा आहे. मुख्याध्यापकांना वाटलं, ही विनंती आहे. आम्हा मुलांना वाटायचं की सरांना मूळव्याध आहे. खरं काय ते कुणालाच कळलं नाही, आणि सर तसेच उभे.

त्यांच्याबरोबर त्यांची आई राहायची. दोघं मूळचे पेडण्याकडले, मांद्र्याचे. म्हातारीला ऐकू अगदीच येत नसे. कानाशी ओरडूनही उपयोग नसायचा. ती माणसांच्या हालचालींवरून सगळं ओळखायची आणि आपल्याला ऐकू येत नाही म्हणून दुप्पट बोलायची. मी पहिल्यांदा त्यांच्या खोलीवर गेलो तेव्हा तिने माझा हात धरून भिंतीजवळची एकुलती एक खुर्ची दाखवली.

"बघ रे पुता, ही कदेल माज्या घोवान पोर्तुगेजांच्या काळात घेतलेली. ह्यो तिच्यार बसणा नाय. ह्याका सांग, कदेल चावणा नाय म्हणान!"

खुर्चीला ती कदेलच म्हणायची. सर भिंतीला टेकून उभे होते. हसून म्हणाले, "आये, ऑर्डर येऊं दे." म्हातारीला ऐकू गेलं नाही, पण ओठांवरून कळलं. ती देवाच्या तसबिरीकडे वळली आणि शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात देवाला आठवण करून दिली: झील कायम झाला की रवळनाथाच्या देवळासमोर आपल्या खर्चाने दशावतारी नाटक करवीन. हा तिचा जुना नवस. पेडण्याकडे असा नवस नवा नाही. पण देवानेही ही फाईल हंगामी ठेवली असावी.

आता सरांचं वेड सांगायला हवं. इतर लोक इंग्रजीला घाबरतात. सर इंग्रजीची कीव करत.

"बिचारी," ते म्हणायचे. "हजार वर्षांमागे तीही आपल्यासारखीच होती. प्रत्येक नामाला प्रत्यय, मुकुट घालून फिरायची. सगळं गेलं. आज बघा, कशी बोडक्याने फिरते."

मग ते फळ्यावर लिहायचे: सासूने सुनेला हाकललं. "आता हे शब्द कसेही फिरवा. सुनेला सासूने हाकललं. हाकललं सुनेला सासूने. घराबाहेर कोण?"

"सून!" आम्ही ओरडायचो.

"हेच इंग्रजीत करून बघा. दोघींच्या जागा बदला. घराबाहेर कोण?"

"सासू!"

"म्हणून इंग्रजांच्या घरी सासवा सांभाळून बसतात," सर म्हणायचे.

हे असं का झालं, तेही ते सांगत, आणि असं सांगत की जणू परवाच डिचोलीच्या बाजारात घडलं. समुद्रावरून डेन्मार्कचे डेन लोक इंग्लंडात आले. आधी लुटायला, मग राहायला, मग सोयरीक करायला. त्यांची भाषा आणि तिथल्या इंग्रजांची भाषा म्हणजे पेडणं आणि सावंतवाडी. शब्द जवळपास सारखे, शेपट्या वेगळ्या. "बाजारात डेन माणसाला गाय विकताना इंग्रज काय करील? गाय सांगेल, शेपटी गिळेल! घरात बायको डेन, नवरा इंग्रज. पोरं कोणाच्या शेपट्या शिकणार? शिकलीच नाहीत." पुढे फ्रेंच बोलणारे राजे आले. दरबार त्यांचा, न्याय त्यांचा, जेवणाचं मेजही त्यांचं. इंग्रजी उरली चुलीपाशी आणि शेतात, आणि कित्येक पिढ्या तिची चूक काढायला कुणी मास्तरच नव्हता. इथे सर विचारायचे, "मास्तर नसला की भाषा काय करते, सांगा."

"बिघडते," आम्ही म्हणायचो. घरी असंच ऐकलेलं.

"हलकी होते," सर म्हणायचे. "राहिलेले प्रत्यय गळून पडले आणि भाषा चालायला लागली."

स्वतः मास्तर असून मास्तर नसण्याचे फायदे सांगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. ते नुसतं सांगत नसत, तसं वागतही. आमच्या वह्यांत क्रियापदाच्या शेवटचा ‘एस’ राहिला, तर सर त्याला लाल शाई लावत नसत. शेजारी पेन्सिलीने लहानशी फुली करत, झाडाखाली पडलेलं पान दाखवावं तशी. "हाही पडणारच आहे. तू जरा लवकर पाडलास," म्हणत. मात्र परीक्षेआधी निक्षून सांगत, "बोर्डाच्या पेपरात लावा हं. बोर्ड अजून दहाव्या शतकात आहे."

आमचा निकाल वाईट लागत नसे, हे नमूद करतो. कारण सगळ्या शाळेत प्रत्यय कुठे पडतो हे फक्त आम्हालाच पक्कं ठाऊक होतं.

माझ्या वडिलांचा ट्रक खाणीवर चालतो हे कळल्यावर सर हटून बसले, म्हणजे हटून उभे राहिले, की मला एकदा खाण दाखवा. वडिलांना वाटलं, सरांना माती बघायची आहे. त्यांनी एका सुट्टीच्या दिवशी सरांना केबिनमध्ये घेतलं. ड्रायव्हर आमच्यासारखे सिंधुदुर्गातले, यंत्रावरचा माणूस कानडी, हिशेबनीस पेडण्याचा, मुकादम कुठला तो कुणालाच माहीत नव्हता. सर दिवसभर मातीच्या ढिगाजवळ उभं राहून त्यांची बोलणी ऐकत राहिले. संध्याकाळी परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत तांबडे.

"तुझ्या बाबांच्या खाणीवर मला दिवसभरात एकसुद्धा विभक्ती सापडली नाही!" त्यांनी मला आनंदाने सांगितलं.

वडील हे ऐकून घाबरले. आई झोपेपर्यंत थांबून त्यांनी मला हळूच विचारलं, "रे, काय हरावला सरांचा? कोणी चोरल्यान काय?"

एकदा वर्गात मी धीर करून विचारलं, "पण सर, प्रत्यय गेल्यावर कळतं कसं? कोणी हाकललं आणि कोणाला?" सर एकदम माझ्याकडे वळले. तेव्हा त्यांना इतका आनंद झाला की मी घाबरून खाली बसलो.

"दशावतार बघितलास ना? रंगमंचावर काय असतं?"

"बाकडं," मी म्हणालो. खरंच, आमच्याकडच्या दशावतारात पडदा आणि एक लाकडी बाकडं, याशिवाय काही नसतं.

"आणि राजा कसा ओळखायचा? मुकुट काढून ठेवलेला असला तरी?"

मागच्या बाकावरून दोघे-तिघे एकदम म्हणाले, "बाकड्यार बसता तो राजा!"

"झालं तर मग," सर म्हणाले. "इंग्रजीने मुकुट टाकले आणि बाकडं आणलं. वाक्यात आधी बसेल तो राजा. मागून येईल तो मार खाईल."

यातूनच पुढचं सगळं झालं. ते वर्ष भाषेच्या वादाचं होतं. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून गावात भिंती रंगल्या होत्या, चहाच्या दुकानात एका टेबलावरची माणसं दोन टेबलांवर बसू लागली होती. आमच्या शाळेच्या कमिटीतही तेच. अध्यक्ष मराठीवाले, सचिव कोंकणीवाले. दोघे मावसभाऊ, पण सभेत शिपायाच्या मार्फत बोलत. अध्यक्ष मराठीसाठी भांडत ते आमच्या बोलीत, आणि सचिव कोंकणीची पत्रकं काढत ती मराठीत, कारण छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला तेवढीच यायची.

या दोघांचं एका बाबतीत मात्र जमलं होतं. सरांना या खेपेला कायम करायचं. स्नेहसंमेलनाला आपण स्वतः जाहीर करू, असं अध्यक्षांनी सांगितलं, आणि माझ्या सहीशिवाय जाहीर कसं होईल, असं सचिवांनी सांगितलं. म्हणजे होकारच. म्हातारीने तर तेवढ्यावर नवसाच्या नाटकाची सुपारी कुठल्या कंपनीला द्यायची, याची चौकशी सुरू केली. सरांनी फक्त एक करायचं होतं, मुलांकडून इंग्रजी विषयाचा काहीतरी कार्यक्रम बसवून घ्यायचा. कुठलीही कविता चालली असती.

सरांनी ‘इंग्रजीचा दशावतार’ बसवला.

आम्हा तिघांना पुठ्ठ्याचे मुकुट. एकावर ‘ने’, एकावर ‘ला’, एकावर ‘चा’. मी ‘ला’ होतो, म्हणजे मार खाणारा. मुकुट होते तोवर आम्ही कुठेही उभे राहिलो तरी मार मलाच बसत होता, आणि लोक खूश होते. मग वल्ही मारत डेन आले. बाजार भरला, गाय विकली गेली, लग्नं लागली, आणि त्या गडबडीत एकेक मुकुट खाली पडला. आता आम्ही तिघे सारखेच दिसायला लागलो. कोण कोणाला मारतो कळेना. मागे वडील आणि त्यांचे ड्रायव्हर लोक उभे होते, त्यांच्यातून कोणीतरी ओरडलं, "राजा खंयचो रे?"

तेवढ्यात बाकडं आलं. मी धावत जाऊन आधी बसलो, आणि जन्मात पहिल्यांदा दुसऱ्याला मार पडला. मंडपात टाळ्यांचा गडगडाट झाला. इंग्रजी व्याकरण एवढ्या माणसांना एका झटक्यात कुठे समजलं असेल, असं मला वाटत नाही. शेवटी फ्रेंच राजा आला. फ्रेंच कुणाला येत नव्हतं म्हणून तो पोर्तुगीज बोलला, पाव मागितला, मेज मागितलं, जनेल, म्हणजे खिडकी, उघडायला सांगितलं, आणि म्हातारे लोक डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हसले नाहीत ते पहिल्या रांगेतले दोघे.

अध्यक्षांनी काय पाहिलं? ‘ने’, ‘ला’, ‘चा’, म्हणजे मराठीचे मुकुट भर सभेत धुळीत पाडले. सचिवांनी काय पाहिलं? दर्यावरून आलेली, व्याकरण नसलेली माणसं येतात आणि राजाची भाषा मोडतात, म्हणजे कोंकणी ही मोडकी बोली आहे असं दाखवलं. इंग्लंडमधल्या हजार वर्षांपूर्वीच्या गोष्टीत दोघांना आपापला अपमान स्वच्छ दिसला, आणि तोही एकाच प्रवेशात.

जाहीर काहीच झालं नाही. अध्यक्षांनी घसा दुखतो म्हणून भाषण आटोपलं.

पुढच्या सभेत चहा नेणाऱ्या शिपायाने आम्हाला बातमी दिली. सरांना कायम तर नाहीच, जूनपासून हंगामीही ठेवायचं नाही, असा ठराव झाला. अध्यक्षांनी मांडला, सचिवांनी अनुमोदन दिलं. एकमताने. "त्या वरसात दोगांनी येकामेकांकडे बघून मान हालयलेली ही येकच खेप," शिपाई म्हणाला.

मी सरांकडे गेलो. आमच्यासारख्याने अशा वेळी काही बोलावं की नाही, ते माहीत नव्हतं. सर सामान बांधत होते. मला म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नकोस. दोघा भावांना एका बाकड्यावर आणणं कुणाला जमलं नव्हतं." मग थोडा वेळ दोरीची गाठ सोडत-बांधत राहिले. म्हातारी खोलीच्या मधोमध कदेलीवर हात ठेवून उभी होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी ती गप्प होती. तिला गप्प मी तेवढं एकदाच पाहिलं. सर हळू म्हणाले, "मला काही नाही रे. पण तिला वाटतं, देवाने आपलं ऐकलं नाही. तिला स्वतःला ऐकू येत नाही ना, म्हणून ती देवाला समजून घेते."

ते मांद्र्याला परत गेले. कदेल माझ्या वडिलांच्या ट्रकमधून गेली. ट्रकच्या मागच्या बाजूला ती रिकामी एकटीच, दोरीने बांधलेली.

नंतर कायदा झाला. राजभाषा कोंकणी, आणि मराठीलाही वापरायची मुभा. मग गोवा घटक राज्य झालं. मी म्हापशाला बी. ए.ला आलो. एका रविवारी सरांना भेटलो, तेव्हा कायद्याविषयी काय वाटतं ते विचारलं. "दोघांनाही बाकड्यावर बसवलं," ते म्हणाले. "आता आधी कोण बसलं यावर पुढची पन्नास वर्षं जातील."

मांद्र्याला त्यांचं बरं चाललं होतं. घराच्या दोन खोल्या म्हातारी समुद्रावर येणाऱ्या गोऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची आणि सर ओसरीच्या खांबाला टेकून त्यांचा सौदा ऐकायचे. म्हातारीचं इंग्रजी म्हणजे ‘रूम’, ‘डे’, ‘फिश’ आणि बोटं. पाहुण्यांचं त्याहून फार पुढे नसे. सगळं सुरळीत चालायचं. त्या दिवशी तिथे एक उंच, उन्हाने लाल झालेला पाहुणा होता. सर मला कोपऱ्यात घेऊन कुजबुजले, "डेन्मार्कचा आहे! हजार वर्षांनी परत आले बघ. आणि आईने त्याची उरलेली शेपटीसुद्धा दोन दिवसांत पाडली." मला हसू आलं. पण ओसरीवर ती कदेल होती, पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेली, आणि सर तिच्या शेजारी उभेच होते. मला हसू आवरावं लागलं नाही, ते आपोआप गेलं.

गेल्या महिन्यात डिचोलीच्या बसस्टँडवर आमचा शिपाई भेटला. मला बघताच म्हणाला, "अरे, तुज्या सरांक कोणी सांगला काय नाय?" सरांच्या जागी आलेले एकामागून एक सगळे सोडून गेले होते. मुलं नापास होत होती. शेवटी कमिटीने सरांना बोलवायचं ठरवलं, थेट कायम म्हणून. ठरवून वर्ष होत आलं होतं. पण ठराव कोणी मांडायचा आणि अनुमोदन कोणी द्यायचं, यावर दोघे मावसभाऊ अडून बसले. दोघांनाही पहिलं नाव आपलं हवं होतं. अखेर दोघांनी एकदमच मांडला असं लिहिलं गेलं, आणि ऑर्डर निघाली ती सरांच्या जुन्या भाड्याच्या खोलीवर, जिथे आता शिंपी राहतो.

मी मिळेल त्या बसने मांद्र्याला गेलो. म्हातारी अंगणात खारे बांगडे उलटत होती, तिची पाठ आमच्याकडे होती. सर ओसरीवर खांबाला टेकून उभे. मी धापा टाकत सगळं सांगितलं. दोन-तीनदा चुकलो, आधीचं नंतर आणि नंतरचं आधी सांगितलं.

"कायम?" त्यांनी विचारलं.

"हो सर. ऑर्डर निघालीय."

"मांडला कोणी?"

"दोघांनी. एकदमच."

काहीतरी मार्मिक बोलतील म्हणून मी वाट पाहिली. त्यांनी खांब सोडला. दोन पावलं टाकली, धोतराच्या सोग्याने कदेलीवरची नसलेली धूळ झटकली, आणि बसले. आधी अगदी कडेला, पोरगा पहिल्या दिवशी शाळेत बसतो तसे. मग हळूहळू पाठ टेकली.

तेवढ्यात म्हातारी सूप घेऊन वळली. तिने मुलाकडे पाहिलं. सूप तसंच हातात धरून ती बराच वेळ पाहत राहिली. कुणीही तिला काही सांगितलं नाही, सांगून ऐकू आलंही नसतं.

मग सूप खाली ठेवून तिने पदराला हात पुसले आणि मला विचारलं, "पुता, खंयच्या कंपनीक सुपारी दिवया?"